उन्हाळ्यात निजणारी फुलझाडं

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कुंपणालगतच्या काळ्या मातीला भेगा पडतात. अशाच एका भेगेत मी तुऱ्हाटीची काडी घालून बघितली, तर ती हातभर आत गेली. भेगेच्या काठावर आदल्या जुलैत लावलेलं एक्झोराचं रोप होतं. पानं तपकिरी, फांदी वाकवली की कट्कन मोडणारी. मुळं भेगेत उघडी पडलेली, मधोमध तुटलेली, वाळल्या सुतळीसारखी. तिथून दोन हातांवर गुलबक्षीची जागा होती आणि ती तर रिकामीच दिसत होती. खुरप्यानं चार बोटं उकरलं तेव्हा काळपट सालीचा, गाजराएवढा कंद लागला. नखानं साल खरवडली. आत पांढरा, ओलसर. एक झाड उभ्या उभ्या मेलं होतं आणि दुसरं निजलं होतं.

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत फुलझाडं निवडायची तर या दोन मुळांमधला फरक आधी समजून घ्यावा लागतो.

आष्टी म्हटलं की बाहेरच्यांना बीड जिल्ह्यातलं आष्टी आठवतं. हे आष्टी वेगळं: वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेचं, सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्यांकडचं, संत्र्याच्या पट्ट्यातलं, आणि १९४२च्या लढ्यामुळे ‘शहीद आष्टी’ म्हणून ओळखलं जाणारं. इथल्या जमिनीचे जुने प्रकार म्हाताऱ्या शेतकऱ्यांना तोंडपाठ असतात: काळी, मोरंड, खरडी, बरडी. एकाच गावात खालच्या अंगाला दोन पुरुष खोल काळी सापडते आणि टेकडीच्या उतारावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. मग गावातल्या सगळ्यांनी एकाच नर्सरीतून एकाच झाडाची रोपं आणली, तर अर्ध्यांची जगतात आणि अर्ध्यांची मरतात. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, जमिनीचा असतो.

बागकामाच्या पुस्तकांत ‘हार्डी पेरेनियल’ असा शब्द सारखा येतो. आपण त्याला काटक बहुवर्षायू म्हणू. एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकणारं आणि हवामानाचा मार सोसणारं झाड. पण मार कोणता? ही पुस्तकं बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतली. तिथं काटक म्हणजे बर्फ सोसणारं. अमेरिकेच्या शेती खात्यानं केलेला झाडांच्या काटकपणाचा प्रसिद्ध नकाशा हिवाळ्यात पारा किती खाली जातो, एवढ्याच हिशेबावर उभा आहे. तिथली कडेच्या ताटव्यातली झाडं हिवाळा आला की जमिनीवरचा भाग सोडून देतात, मुळाशी जीव धरून राहतात आणि वसंतात पुन्हा वर येतात. इंग्लंडमध्ये गर्ट्रूड जेकिल यांनी अशाच झाडांचे लांबलचक ताटवे रंगांच्या हिशेबानं रचून दाखवले आणि जगभरच्या बागांना त्यांचं वेड लागलं.

आपल्याकडे हिवाळ्यात पारा क्वचित दहा अंशांखाली उतरतो, गोठणबिंदूपर्यंत तर जातच नाही. त्या नकाशाच्या मापानं बघितलं तर आष्टीत जवळपास काहीही जगायला हवं. प्रत्यक्षात मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो, नवतप्यात वारासुद्धा भट्टीतून आल्यासारखा लागतो, आणि हिवाळ्याशी लढायला तयार झालेलं झाड इथं पहिल्याच उन्हाळ्यात संपतं. अमेरिकेतल्या बागकाम संस्थेलाही ही उणीव जाणवली. १९९७मध्ये तिनं उष्णतेचा वेगळा नकाशा काढला; वर्षातले किती दिवस पारा ३० अंशांच्या वर राहतो, यावर त्याचे बारा पट्टे पाडले. शेवटचा पट्टा २१० दिवसांहून जास्तीचा. विदर्भ त्या नकाशात असता तर याच शेवटच्या पट्ट्यात बसला असता.

म्हणून माझं म्हणणं असं, की आपल्या भागात काटकपणाचं माप उलटं धरायला हवं. त्यांची झाडं हिवाळ्यात निजतात, आपली उन्हाळ्यात निजतात. आपल्या भाषेत यासाठी फार सुंदर शब्द आहे: पुनर्नवा. पुन्हा नवी होणारी. हीच आपल्या धुऱ्यावरची घेटुळी. उन्हाळ्यात तिचे वेल वाळून मातीत मिसळतात, जाड मूळ खाली तग धरून राहतं, आणि पाऊस पडला की आठवड्यात ती पुन्हा पसरलेली असते. तिला कोणी बागेत लावत नाही, पण ताटवा करणाऱ्यानं पहिला धडा तिच्याकडूनच घ्यावा.

गंमत अशी की गुलबक्षी आणि बोगनवेल ही दोन्ही या घेटुळीच्याच कुळातली झाडं. दोघी दूरच्या, अमेरिकेच्या बाजूच्या, पण विदर्भाच्या मातीत अशा रुजल्या की आजीच्या अंगणाची आठवण त्यांच्याशिवाय पुरी होत नाही. या कुळातल्या फुलांना खऱ्या पाकळ्या नसतात. गुलबक्षीचा जो रंगीत कर्णा दिसतो तो पाकळ्यांचा नाही. बाकीच्या फुलांत जो हिरवा निदलपुंज असतो, तोच इथं रंगलेला आहे. बोगनवेलीत तर गुलाबी कागदासारखी दिसतात ती पानंच, आणि खरं फूल म्हणजे मधोमध असलेली बारीक पांढुरकी नळी. एक फुलोरा हातात घेऊन बघा: तीन रंगीत पानं आणि प्रत्येकाच्या शिरेला चिकटून एक-एक नळी. बोगनवेल १७६७ साली ब्राझीलच्या रिओ दि जानेरोजवळ फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमरसाँ यांच्या नजरेस पडली आणि त्यांच्या मोहिमेच्या कप्तानाचं, बूगँव्हील यांचं, नाव तिला मिळालं. कॉमरसाँसोबत पुरुषाच्या वेषात त्यांची सहायक जान बारे होती. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. झाडं गोळा करण्यात तिचे कष्ट मोठे होते. झाडाच्या नावात मात्र फक्त कप्तान उरला, हे मला नेहमी खटकतं.

बोगनवेलीबद्दल लोक तक्रार करतात, की वेल वाढते खूप पण फुलत नाही. संत्र्याची बाग असलेल्या माणसानं ही तक्रार करू नये, कारण उत्तर त्याच्या वावरात आहे. संत्र्याला बहार धरायचा तर आपण काय करतो? पाणी तोडतो. ताण देतो. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत, मृगासाठी उन्हाळ्यात. ताण बसला की झाडाची पालवी थांबते, अन्न साठतं आणि पाणी मिळताच फूल बाहेर पडतं. बोगनवेलीचंही तसंच आहे. तिला रोज पाणी घातलं की ती नुसती पानं काढते. जमीन भारी असली तर ओल जास्त दिवस टिकते, म्हणून ताणही जास्त दिवस द्यावा लागतो; हलक्या बरडीवर तो लवकर बसतो. ज्या भिंतीला दुपारनंतरचं ऊन लागतं, ज्या कोपऱ्यात पाण्याचा पाइप पोचत नाही, तिथं बोगनवेल लावा. मार्च ते मे ती तुमच्या घराचा पत्ता सांगेल.

मोगऱ्यालाही ताण कळतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून छाटणी करायची, मग शेणखत देऊन पाणी सुरू करायचं. मार्चपासून कळ्या. पण मोगरा बोगनवेलीइतका सोशिक नाही, कळ्या धरल्यावर त्याला पाणी हवंच. त्याला पूर्वेची बाजू द्या, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि ती ऊब रात्रीपर्यंत सोडत राहते. तिथं कोवळ्या झाडाला रात्रीचीही विश्रांती मिळत नाही.

पश्चिमेसाठी कण्हेर. हमरस्त्यांच्या दुभाजकांवर गाड्यांच्या धुरात, पाण्यावाचून जी गुलाबी-पांढरी फुलं दिसतात ती हीच. ती तगते कशी, हे तिच्या पानात लिहिलेलं आहे. पान उलटं करून भिंगाखाली धरा. खालच्या बाजूला बारीक खळगे दिसतील, आणि त्या खळग्यांत मऊ लव. झाडाचा श्वास ज्या रंध्रांतून चालतो ती रंध्रं या खळग्यांच्या तळाशी दडलेली असतात. कोरडा वारा वरून निघून जातो, खळग्यातली दमट हवा तशीच राहते, पाणी कमी उडतं. वरची साल जाड, मेणचट. उन्हाच्या देशात जगायला याहून चांगलं पान क्वचितच असेल. मात्र एक गोष्ट जीव तोडून सांगायची आहे: कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. पान, फूल, फांदी, मूळ, सगळंच. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तीही तशीच. तिच्या बिया तर फारच घातक. लहान मुलं खेळतात त्या जागी आणि गोठ्याजवळ या दोघींना थारा देऊ नका. छाटलेल्या फांद्या चाऱ्यात मिसळू देऊ नका आणि जाळूनही टाकू नका, धूरसुद्धा त्रास देतो.

आता जमिनीकडे येऊ, कारण निम्मी झाडं उन्हानं मरत नाहीत, जमिनीनं मरतात. काळ्या मातीत स्मेक्टाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. तिचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. उन्हाळ्यात भेगा पडतात त्या यामुळे, आणि भेग पडताना मधे आलेली मुळं तुटतात. जूनमध्ये पहिलं पाणी भेगांतून भराभर आत जातं, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतरचं पाणी वरच साचून राहतं. जुलैत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. मे महिन्यात तहान आणि जुलैत गुदमर, असे दोन टोकांचे मार एकाच झाडानं सोसायचे असतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे शास्त्रज्ञ अशा मातीला व्हर्टिसॉल म्हणतात, म्हणजे स्वतःला उलटीपालटी करणारी. वरची माती भेगांतून खाली पडते, खालची फुगून वर येते, म्हणून.

त्यात चुनखडी. मूठभर कोरडी माती हातावर घ्या, त्यात पांढुरके खडे दिसतात का बघा, आणि त्यांवर लिंबू पिळा. बारीक फेस आला, बुडबुडे फुटले, की समजा चुना आहे. अशा मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. संत्र्यात हा प्रकार बघितलेला असतो. एक्झोरा आणि कित्येक गुलाबांचं हेच होतं. फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात फवारलं तर पानं काही दिवस हिरवी होतात, पण पुढच्या पालवीला पुन्हा तेच. जे झाड दरवर्षी औषधावर जगवावं लागतं, ते आपल्या जमिनीचं झाड नाही, असं मी धरून चालतो. शंका असेल तर मातीचा नमुना सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवावा आणि मगच खर्च करावा.

सदाफुलीची गोष्ट या दुहेरी माराची चांगली साक्ष आहे. ती मूळची मादागास्करची, ऊन तिला आवडतं, दगडाच्या फटीतही उगवते. कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधं तिच्यातूनच मिळाली. अशी सोशिक सदाफुली ऑगस्टमध्ये सपाट काळ्या वाफ्यात दोन दिवसांत माना टाकते. रोग मुळाशी असतो, साचलेल्या पाण्यात पसरणारी बुरशी. तीच सदाफुली वीतभर उंच गादीवाफ्यावर किंवा ओट्याच्या पायरीच्या कडेला लावली, की पाऊस निभावते आणि आपलं बी आपणच टाकून पुढच्या वर्षाची सोय करते. निशिगंधाचे कंदही असेच. वाफा उंच असेल तरच जगतात.

म्हणून ताटव्याची जागा आधी उंच करा. कुंपणालगत तीन फूट रुंदीचा पट्टा, दीड फूट खोल खणायचा, आणि हे काम मे महिन्यातच करून खड्डा उन्हात तापू द्यायचा. काढलेल्या मातीत चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाडसर मुरूम मिसळून पट्टा आठ-नऊ इंच वर येईल असा भरायचा, पाणी निघून जायला उतार द्यायचा. चिकणमातीत घमेलंभर वाळू टाकून काही साधत नाही, ती माती वाळूला गिळून टाकते. शेणखत सढळ हातानं घाला. पाऊस संपला की सोयाबीनचं कुटार तीन-चार बोटं जाड पसरा. आपल्याकडे कुटाराला तोटा नाही, आणि भेगांवर याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. खोडाला मात्र चिकटू देऊ नका, उधई येते.

न्हाणीच्या सांडपाण्यावर कर्दळ. तिच्या शास्त्रीय नावात भारत आहे, पण ती अमेरिकेची. जुलैत साचलेलं पाणी तिला चालतं, मेमध्ये पानांच्या कडा करपतात आणि पाऊस लागला की खालच्या गड्ड्यातून पुन्हा कोंब येतात. ज्या जागेत दुसरं काही जगत नाही, ती जागा तिची.

ताटव्याच्या मधल्या ओळीसाठी माझी पहिली पसंती कोरांटीला. ती आपल्या देशाचीच. पिवळ्या फुलांची काटेरी असते, तिला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. पांढऱ्या आणि जांभळट फुलांच्या जातीला काटे नसतात. पाऊस उलगडला, बाकीच्या झाडांचा भर ओसरला, की हिचा मोसम सुरू होतो आणि थंडी पडेपर्यंत चालतो. लोक तिला रानटी म्हणून उपटतात, याचं मला फार वाईट वाटतं. तिच्याच कुळातली अबोली, जरा सावलीतली, आणि जांभळ्या फुलांची रुएलिया. रुएलियाची सुकी शेंग पाण्यात टाकली की क्षणात तडकून फुटते आणि बिया उडवते. मुलांना हा खेळ दाखवा. शेंगेला ओल लागणं म्हणजे पाऊस आला हा निरोप. बी रुजायला हीच वेळ, हे झाडाला कळतं. तिच्या मुळांतही कंदासारख्या जाड गाठी असतात, उन्हाळा त्यांच्या जिवावर निघतो.

पुढच्या कडेला पावसाळी लिली. एरवी कांद्याच्या पातीसारखी दिसते, लक्षही जात नाही. मृगाचा पाऊस जोरात झाला, की चार-पाच दिवसांत गुलाबी फुलं एकदम वर येतात, सगळ्या वाफ्यात एकाच सकाळी. कळलावीचाही कंदच, तीही आपल्याच रानातली. पानाच्या टोकाला बारीक तणावा असतो, त्यानं ती कुंपण धरून चढते आणि श्रावणात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते. ती देखणी आहे तितकीच विषारी, कंदाला हात लावला की हात धुवायचे. घरात लहान मूल असेल तर मी ती लावू नका असंच सांगेन.

याच श्रावणात, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी आष्टीच्या पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेलेल्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला होता. हुतात्म्यांच्या स्मृतीला वाहायची फुलं त्या आठवड्यात आपल्याच अंगणात असावीत असं मला मनापासून वाटतं. गुलबक्षी, तगर, जास्वंद, लिली, सगळी तेव्हा भरात असतात. गुलबक्षी दुपारी चारनंतर उमलते आणि सकाळचं ऊन चढलं की मिटते, म्हणून ती संध्याकाळच्या दिव्यासोबत ठेवावी.

शेवंती आपल्याकडे दरवर्षी विकत आणून फेकली जाते, ती मुळात बहुवर्षायू आहे. रात्र मोठी झाली की कळ्या धरते. फुलं संपल्यावर ती जमिनीलगत छाटायची, खालून मुनवे येतात. त्यांना उन्हाळाभर लिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत जेमतेम पाणी देऊन राखायचं आणि पावसात वेगळे करून लावायचं. एवढंच एक झाड मी उन्हाळ्यात जपतो. बाकीच्यांनी आपापलं निभवावं, कारण मे महिन्यात विहिरीला जे पाणी असतं त्यावर पहिला हक्क संत्र्याचा. ताटव्याला भांडी-तांदूळ धुतलेलं पाणी, तेही आठवड्यातून दोनदा, पहाटे, मुळाशी. एवढ्यात जे जगत नसेल ते आपल्या गावाचं नाही. नर्सरीतली पेटुनियाची फुललेली कुंडी जानेवारीत मोह पाडते, पण एप्रिल उजाडेपर्यंत तिची काडीसुद्धा उरत नाही. घाणेरी म्हणजे रानटी लँटाना मात्र टिकते म्हणून लावू नका; पाखरं तिची फळं खातात, बी रानात टाकतात आणि चराईची जमीन ती गिळत जाते.

रोपं निवडायला फुलांच्या मोसमात जाऊ नका. मे महिन्यात, भर दुपारी, गावातल्या जुन्या अंगणांतून फिरा. ज्या घरात कोणी पाणी घालत नाही तिथं कोणतं झाड हिरवं आहे ते बघा, घरच्या बाईला त्याची फांदी किंवा कंद मागा, ती आनंदानं देईल. मृगाचे दोन चांगले पाऊस पडून भेगा मिटल्या, की लावा.